लोई फुलर: नर्तकी, की दिव्यांची करामत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही नृत्यात एम. ए. करता आहात आणि सादरीकरणासाठी तुमच्या वाट्याला लोई फुलर आली आहे. पुस्तकं तिला आधुनिक नृत्याच्या आद्य नर्तकींमध्ये धरतात. पण तिचं नृत्याचं म्हणावं असं शिक्षण झालेलं नव्हतं. पदन्यास नाही, अभिनय नाही. काठ्यांना अडकवलेलं भलंमोठं रेशीम फिरवायचं आणि त्यावर रंगीत दिवे सोडायचे, एवढंच. मग हिला नर्तकी का म्हणायचं? ही नुसती दिव्यांची करामत तर नव्हती? शिवाय यूट्यूबवर तिच्या नावाने जो रंगीत व्हिडिओ फिरतो तो दाखवावा का, आणि वर्गात छोटंसं प्रात्यक्षिक जमेल का?

मी कथक शिकले, पुढे स्वतःच्या रचना करू लागले आणि गेली वीसेक वर्षं त्यांची प्रकाशयोजनाही मीच करते. कापड घेऊन नाचायचा नाद मला फुलरमुळेच लागला. त्यामुळे मी सांगणार आहे ते बरंचसं तालमीतून आलेलं आहे, आणि तिच्याबद्दल मी तटस्थ नाही हेही आधीच सांगून टाकते.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात मला आणखी एक प्रश्न दिसतो. नाच नेमका असतो कुठे? नाचणाऱ्याच्या शरीरात, की बघणाऱ्याला जे दिसतं त्यात? आपल्यासारख्यांना लहानपणापासून अंगशुद्धी, हस्तक (हातांच्या ठरीव हालचाली), तत्कार (पायांचे बोल) घोटून घेऊन शिकवलेलं असतं. नाच शरीरात असतो हे आपण कधी तपासूनही पाहत नाही. फुलरने शरीर जवळजवळ झाकून टाकलं आणि तरीही लोक नाच बघायला आले. म्हणून ती आपल्याला अडते. ती अडते हे चांगलंच आहे.

आधी व्हिडिओचं बघू, कारण ते सोपं आहे. जरूर दाखवा, पण तिचा म्हणून दाखवू नका. १८९० च्या दशकातल्या 'सर्पेंटाइन डान्स'च्या, म्हणजे तिच्या त्या गाजलेल्या रेशमाच्या नाचाच्या, ज्या फिती आज सगळीकडे दिसतात त्यांत नाचणाऱ्या बायका दुसऱ्या आहेत. एडिसनच्या कंपनीने १८९४-९५ च्या सुमारास घेतलेल्या फितीत अ‍ॅनाबेल व्हिटफर्ड आहे. फ्रान्समधल्या आद्य चित्रपटकारांची, लुमिएर बंधूंची, फीत त्यानंतर दोनेक वर्षांची, आणि त्यातलीही फुलर नव्हे. त्या फितींवरचे रंग तर दिव्यांचे नाहीतच. काळ्यापांढऱ्या फितीच्या एकेका चौकटीवर कुंचल्याने हातांनी भरलेले आहेत. म्हणून तर सबंध झगा एकदम पिवळा होतो आणि मग एकदम गुलाबी. रंगमंचावर असं होत नाही. बाजूने दिवा पडला की चुणीचा वरचा काठ पेटतो, तिच्या पोटात अंधार राहतो, आणि दुसऱ्या बाजूने वेगळ्या रंगाचा दिवा सोडला तर तो त्या अंधारात जाऊन बसतो. एकाच क्षणी एकाच कापडावर तीन रंग चालत असतात. फितीवरून हात कसे फिरत होते ते कळेल, प्रकाश कळणार नाही. आणि वर्गाला हेही सांगा की तिची नक्कल करणाऱ्या जागोजागी होत्या, एवढ्या की आज तिच्या नावावर चालतात त्या फितीही दुसऱ्याच बायकांच्या आहेत. तिच्या आयुष्यातली ही मोठी जखम होती. तिकडे पुढे येतेच.

आता चरित्र. जन्म १८६२ चा, शिकागोजवळच्या फुलर्सबर्ग नावाच्या खेड्यातला. नाव मेरी लुईस. अगदी लहान वयात ती रंगमंचावर आली. पाठांतरं म्हणून दाखवणं, दारूबंदीवर व्याख्यानं, मग नाटकं, बर्लेस्क आणि व्होडव्हिलसारखे करमणुकीचे रंगमंचीय खेळ, बफेलो बिलच्या 'वाइल्ड वेस्ट' खेळांच्या मंडळीबरोबर फिरणं, मिळेल ते काम. १८८९ मध्ये लग्न केलं, पण नवऱ्याची पहिली बायको हयात आहे हे नंतर उघड झालं. लंडनमध्येही काही काळ काम केलं. तिथे तेव्हा 'स्कर्ट डान्स'ची लाट होती, म्हणजे घेरदार झगा हातांत धरून हलवत नाचणं. पॅरिसमध्ये तिचं नाव झालं तेव्हा ती तिशीत होती. बांधा ठेंगणा, भरलेला, बॅलेच्या साच्यात न बसणारा.

तुम्ही लिहिलंय की तिचं शिक्षण नव्हतं. नृत्यवर्गातलं नव्हतं, हे खरं. पण वीस-पंचवीस वर्षं रंगमंचावर काढलेली बाई अशिक्षित कशी म्हणायची? एंट्री केव्हा घ्यायची, शांतता किती ताणायची, प्रेक्षकाची नजर कुठे आहे, मागच्या रांगेतल्याला काय दिसतंय, हे तिला हाडीमाशी ठाऊक होतं. नाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं. मला स्वतःला ते चाळिशीत कळायला लागलं.

ठिणगी पडली १८९१ मध्ये. एका नाटकात तिला संमोहनाच्या अंमलाखाली असलेल्या स्त्रीची भूमिका होती. अंगावरचं पातळ पांढरं रेशीम तिच्या उंचीला फार लांब होतं. पायात येऊ नये म्हणून ती दोन्ही हातांनी ते वर धरून मंचावर हिंडली आणि प्रेक्षकांतून 'फुलपाखरू', 'ऑर्किड' असे उद्गार आले, असं तिने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. ही गोष्ट तिने पुढे बरीच रंगवली असणार. पण त्यानंतर तिने जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. ती आरशासमोर उभी राहून त्या कापडाशी दिवसचे दिवस खेळली. कुठली हालचाल केली की कापड कुठला आकार घेतं, हे एकेक करून टिपलं आणि त्यातून नाचाचे क्रमवार भाग बांधले. १८९२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या कॅसिनो थिएटरात तो सर्पेंटाइन डान्स लोकांनी पाहिला.

आता कापडाकडे वळते. 'नुसतं फिरवायचं' हे तुमचे शब्द, आणि एकेकाळी माझेही होते.

मी पहिला प्रयत्न केला तो साटिनवर. लक्ष्मी रोडवरून आणलेलं छान चमकदार साटिन. दुसऱ्या मिनिटाला खांदे भरून आले आणि कापड वर जाईचना. मग जॉर्जेट घेतलं, ते अंगाला चिकटायचं. शेवटी अगदी हलकं साधं रेशीम आणलं. पंख्याच्या वाऱ्यानेही उठेल असं. शिंप्याला कळीदार घागऱ्यासारख्या कळ्या कापायला सांगितल्या, फक्त घेर कमरेऐवजी गळ्यापासून सुरू केला. तेवीस मीटर कापड लागलं. कडेला आतून शिवण मारून त्यात बांबूच्या काठ्या बसवल्या. फुलरच्या पोशाखातही काठ्या अशाच आत लपलेल्या असत आणि ती त्या हातांत धरून फिरवी. हात काठीइतका लांब होतो, एवढं साधं गणित. पण हात लांब झाला की त्याचं वजन खांद्यावर येतं, आणि खांद्याने पेललं तर पाच मिनिटांत संपतो आपण. पेलावं लागतं पाठीने. पाठीचा कणा मागे कलता ठेवून, पोट आत धरून, दोन्ही हातांनी आठाचा आकडा काढत राहायचं. पायांना लहान लहान पावलं सतत टाकावी लागतात, नाहीतर घेराच्या ओढीने तोल जातो. पदन्यास होता. फक्त तो कापडाखाली होता.

तालाचा अनुभव तर मला पार नवा होता. कथकमध्ये हात आणि सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, एकत्र पोचतात, ती आपली सवय. इथे सोळा मात्रांच्या तीनतालात हात समेवर येतो तेव्हा कापडाची कड अजून तेराव्या-चौदाव्या मात्रेवर असते. मनगटाने दिलेला झटका लाटेसारखा कापडातून प्रवास करतो आणि कडेला पोचायला वेळ घेतो. कापडाने समेवर यायला हवं असेल तर हाताने तीन-चार मात्रा आधी काम संपवून पुढच्या हालचालीला लागायला हवं. म्हणजे एका वेळी दोन काळांत नाचायचं. शरीर पुढच्या आवर्तनात गेलेलं, दिसणारा नाच मागच्या. हे मला साधायला सात महिने लागले, तेही तीनतालाच्या विलंबित लयीत आणि सहा मिनिटांपुरतं. आणि थांबता येत नाही. समेवर येऊन ठाम उभं राहणं, जो आपला हुकमी क्षण, तो इथे नाहीच. थांबलात की कापड डोक्यावर येऊन पडतं. तालमीत एकदा माझी काठी मोडली आणि तिचा टोकदार तुकडा विंगेपर्यंत उडाला. त्या दिवसापासून तालमीला बाजूला कुणाला उभं राहू देत नाही.

हे सगळं केल्यावर 'शरीर नाही, नुसतं कापड' असं माझ्याने म्हणवत नाही. शरीर दिसत नव्हतं, हे बरोबर. पण पडद्यामागचा बाहुलीवाला दिसत नाही म्हणून बाहुली आपोआप नाचते असं कोण म्हणेल? इथे तर बाहुलीवाला बाहुलीच्या पोटात उभा होता.

आता दिवे. ही तिची खरी सत्ता. वीज रंगमंचावर नुकती येऊ लागली होती. बहुतेक नाटकवाल्यांना विजेचा उपयोग एवढाच वाटत होता की आता नटाचं तोंड स्वच्छ दिसतं. फुलरने प्रेक्षागृहात अंधार केला, मंच काळ्या पडद्यांनी मढवला आणि विजेच्या दिव्यांपुढे रंगीत काचांच्या चकत्या फिरवायला लावल्या. दिवे बाजूंनी, मागून, खालून. १८९५-९६ च्या सुमाराच्या 'अग्निनृत्या'त ती मंचात बसवलेल्या जाड काचेवर उभी राहायची आणि प्रकाश पायांखालून यायचा. कल्पना करा. कापडाची खालची कड आधी पेटते, मग ती ज्वाळा वर चढत कमरेशी, छातीशी येते आणि शेवटी बाई दिसेनाशी होते. वरून दिवा सोडून हे होणारच नाही, कारण आग बुडाशी जास्त उजळ असते आणि आपल्या डोळ्यांना ते ठाऊक असतं. आणि या सगळ्यासाठी रेशीम पांढरंच. पांढऱ्याला स्वतःचं मत नसतं, येईल तो रंग घेतं. लाल आणि हिरवा दिवा एकत्र पडला की त्याच रेशमावर पिवळा उगवतो. हे रंगाच्या डबीत होत नाही, प्रकाशातच होतं, आणि ते तिने दिव्यांशी झटापट करत शिकून घेतलं होतं.

माझ्या प्रयोगांना मी चार साधे पार कॅन (रंगमंचाचे डब्यासारखे दिवे), जिलेटिन पेपर (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) आणि उजेड कमीजास्त करायला एक डिमर वापरते. माझा अनुभव असा की समोरून एक जरी दिवा सोडला तरी खेळ संपतो. कापड सपाट होतं आणि नर्तकी मच्छरदाणीत उभी असल्यासारखी दिसते. बाजूच्या विंगेतून, छातीच्या उंचीवरून दोन दिवे आणि मागून एक, एवढ्यावर चुण्या जिवंत होतात. दिवा चालवणाऱ्या मुलाला मी शेजारी बसवून तीनताल शिकवला. खुणेसाठी टाच आपटते, कारण हात मोकळे नसतात आणि तोंड कापडात असतं. तो मुलगा माझ्याबरोबर नाचत असतो असंच मी धरते. फुलरचा नाच किती जणांचा मिळून होता हे तेव्हा उमगतं, आणि तो सगळा तिच्या एकटीच्या डोक्यातून उतरलेला होता हेही.

आता कोर्टाचं प्रकरण. तुमच्या सादरीकरणाचा गाभा मी तुमच्या जागी असते तर इथे ठेवला असता.

सर्पेंटाइन डान्स गाजल्याबरोबर नकला सुरू झाल्या. फुलरने आपल्या नाचाचं लेखी वर्णन कॉपीराइटसाठी नोंदवलेलं होतं. त्या बळावर ती नक्कल करणाऱ्या मिनी बेमिस नावाच्या नर्तकीविरुद्ध न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात गेली. १८९२ च्या जूनमध्ये निकाल विरुद्ध लागला. न्यायाधीश लाकोम यांचं म्हणणं थोडक्यात असं: कॉपीराइट नाट्यकृतीला मिळतो. या नाचात गोष्ट नाही, पात्र नाही, भावना नाही. आहे ती डौलदार हालचालींची, कापडाची आणि प्रकाशाची सुंदर मांडणी. ती नाट्यकृती नव्हे.

हे वर्णन पुन्हा वाचा. गोष्ट नाही, पात्र नाही, भाव नाही, फक्त गती आणि सौंदर्य. आपल्याकडे कुठल्याही विशारदच्या विद्यार्थिनीला विचारा, ती पटकन सांगेल: हे नृत्त. न्यायाधीशांकडे हा शब्द नव्हता. नृत्त (अर्थाशिवायचा शुद्ध नाच), नृत्य (भाव दाखवणारा नाच), नाट्य असे तीन खण त्यांच्या कायद्यात नव्हते, एकच होता, नाट्याचा. त्यात बसेना म्हणून बाहेर ठेवलं. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात ऋषी भरताला जवळजवळ हाच प्रश्न विचारतात. गीताचा अर्थ नृत्तात येत नाही, मग ते केलं कशाला? भरत उत्तर देतात की नृत्ताला कुठल्या अर्थाची अपेक्षा नसते, ते शोभा निर्माण करतं म्हणून प्रवर्तित झालं. म्हणजे १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात जो आक्षेप होता तो आपल्याकडे फार पूर्वी घेऊन, उत्तर देऊन झालेला होता. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्रभर झोपले नाही.

यावरून फुलरचं नाट्यशास्त्राशी काही नातं होतं असं मात्र म्हणू नका. नव्हतं. मी एवढंच म्हणते की आपल्या हातात एक शब्द आहे, ज्याने तिचं काम ओळखता येतं. तिच्या काळी पश्चिमेतला मोठा नाच म्हणजे कथा सांगणारं बॅले. करमणुकीचा नाच म्हणजे पाय दाखवणं. फुलरने दोन्ही टाकलं. न कथा, न पाय. ज्या कारणासाठी कोर्टाने तिला नाकारलं तेच तिचं नवेपण होतं, आणि मी तिला आधुनिक म्हणते ते त्यामुळे. अमेरिकेच्या कायद्यात नृत्यरचनेला स्वतंत्र नावानिशी जागा मिळाली ती १९७६ च्या कायद्याने. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही नृत्यरचना नाट्यकृतीच्याच व्याख्येत बसवलेली आहे, आणि ती लिखित किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली असावी लागते. जाता जाता सांगते, तुमच्या स्वतःच्या रचना लिहून ठेवा आणि चित्रित करून ठेवा. माझी एक रचना एका स्नेहसंमेलनात जशीच्या तशी, अगदी निळ्या दिव्यासकट, उचललेली मी प्रेक्षकांत बसून पाहिली आहे. तेव्हा माझ्याकडे दाखवायला कागदाचा कपटाही नव्हता.

फुलर रडत बसली नाही. कायदा नाच वाचवत नाही तर यंत्र वाचवेल, असा तिने हिशेब केला. पोशाखाची रचना, मंचावरच्या प्रकाशाची आणि आरशांची योजना यांची तिने पेटंटं घेतली. नर्तकीच्या वस्त्रासाठीचं तिचं अमेरिकन पेटंट १८९४ चं आहे. ते शोधून त्यातली आकृती वर्गाला दाखवा. यूट्यूबच्या फितीपेक्षा ती आकृती तिच्या जास्त जवळची आहे. काठी कुठे, घेर कुठे, हात कुठे, सगळं तिच्या बाजूने मांडलेलं.

पॅरिसचा भाग सगळ्या पुस्तकांत असतो, म्हणून थोडक्यात. ५ नोव्हेंबर १८९२ ला फोली बेर्जेर या तिथल्या करमणुकीच्या नाट्यगृहात तिचा पहिला प्रयोग झाला. तिथेही तिच्या आधी तिची नक्कल येऊन पोचलेली होती, तरी शहर तिचं झालं. कवी मालार्मेने तिच्यावर लिहिलं. चित्रकार तुलूझ-लोत्रेकने १८९३ मध्ये शिळाछापाची चित्रं केली आणि एकेका प्रतीवर वेगळे रंग चढवले. त्यातली एकदोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवा. चेहरा जेमतेम कळतो, पाय दोन रेघांचे, आणि मध्ये एक ढग. चित्रकाराला नाच नेमका कुठे दिसत होता ते त्यात स्पष्ट आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर तिचं स्वतःचं छोटं नाट्यगृह होतं, वास्तुकार आन्री सोवाजने बांधलेलं. तिथे तिने जपानच्या सादा याक्कोला आणि तिच्या मंडळींना मंच दिला. स्वतःच्या नावाच्या नाट्यगृहात दुसऱ्या नर्तकीला, तेही परक्या परंपरेतल्या, मध्यावर आणणारी माणसं थोडी असतात. त्या प्रदर्शनात तिला आणि सादा याक्कोला पाहणाऱ्यांत तरुण रूथ सेंट डेनिस होती. ती पुढे अमेरिकेत 'राधा' नावाचं नृत्य करून गाजली आणि १९२६ मध्ये आपली मंडळी घेऊन हिंदुस्थानच्या दौऱ्यावरही आली. आधुनिक नृत्याची दुसरी आद्य नर्तकी मानली जाणारी इसाडोरा डंकन, तिलाही फुलरने १९०२ मध्ये आपल्याबरोबर युरोपच्या दौऱ्यावर नेलं. इसाडोरा मध्येच वेगळी झाली आणि काही वर्षांत फुलरपेक्षा मोठं नाव झाली.

इथे थोडी थांबते, कारण परीक्षक हमखास विचारतील: मग आद्य नर्तकी कोण, फुलर की डंकन? हे तुम्ही आधुनिक कशाला म्हणता यावर आहे. शरीर मोकळं करणं, अनवाणी पाय, श्वासातून आणि छातीतून येणारी हालचाल, हे निकष धरले तर डंकन. नाचातून गोष्ट काढून टाकणं, प्रकाशाला नाचाचा भाग करणं, रंगमंच यंत्रासकट आपल्या ताब्यात घेणं, हे धरले तर फुलर. मी फुलरच्या बाजूने आहे, पण माझं अर्धं काम दिव्यांशी असतं, त्याचा हा परिणाम असणार. तुम्ही भरतनाट्यम किंवा कथकच्या वाटेने आला असाल आणि शरीर हेच तुमचं माध्यम असेल तर डंकनकडे ओढ वाटणं अगदी साहजिक आहे. तसं प्रामाणिकपणे म्हणा, पण कारण द्या.

तिच्या बाजूने बोलतानाही एक उणीव लपवू नये. तिने शिकवता येईल अशी शरीराची पद्धत मागे ठेवली नाही. १९०८ च्या आसपास तिने मुलींचा संच उभा केला, देबुसीच्या संगीतावर रचना केल्या, पण पुढच्या पिढीतल्या अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमचं तंत्र जसं आजही वर्गात शिकवतात तसं फुलरचं तंत्र उरलं नाही. दिवे बदलले, यंत्रं बदलली, आणि तिची करामत सिनेमाने सहज करून दाखवली. घराणं नसलेल्या कलावंताला विसरायला लोकांना वेळ लागत नाही. अलीकडे न्यूयॉर्कच्या जोडी स्पर्लिंग यांच्यासारख्या नर्तकींनी तिच्या पद्धतीने पुन्हा काम उभं केलंय, ते बघाच. तिच्यावर २०१६ मध्ये आलेल्या फ्रेंच चित्रपटावरून मात्र चरित्र लिहू नका. त्यात कल्पित भाग पुष्कळ आहे.

तिच्या चरित्रातला मला सगळ्यात प्रिय प्रसंग रेडियमचा शोध लावणाऱ्या क्युरी दांपत्याचा आहे. रेडियम अंधारात चमकतं हे ऐकून तिने त्यांना पत्र लिहिलं, की रेडियमचे फुलपाखराचे पंख करता येतील का? त्यांनी ते का शक्य नाही हे नीट समजावून कळवलं. आभार मानायचे म्हणून ती आपले विजेचे कारागीर आणि दिवे घेऊन त्यांच्या घरी गेली, दिवसभर खपून त्यांच्या जेवणाच्या खोलीत दिवे बसवले आणि रात्री त्या लहानशा खोलीत त्यांच्यासाठी नाचली. मैत्री टिकली. पुढे १९०४ मध्ये तिने 'रेडियम नृत्य' केलं ते रेडियमशिवाय, चमकणारे क्षार कापडाला लावून. ज्या बाईला आपण शिक्षण नसलेली म्हणतो तिने आपली शंका थेट मारी क्युरीला विचारली आणि 'नाही' हे उत्तर मानून दुसरा उपाय शोधला. मला तर हा रियाजच वाटतो.

शेवटची वर्षं: रुमानियाच्या राणी मारीच्या कथेवर एक मूकपट केला, त्यात उलट छटांची (निगेटिव्हसारखी, काळ्याचं पांढरं झालेली) आणि संथ गतीची दृश्यं वापरून पाहिली. १ जानेवारी १९२८ ला पॅरिसमध्ये न्यूमोनियाने ती गेली. इसाडोराच्या अपघाती मृत्यूला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. फुलरची अनेक वर्षांची जोडीदार गाब सोरेर हिने तिच्यामागे मुलींचा तो संच चालवला.

आता प्रात्यक्षिक. सगळा पोशाख करायच्या भानगडीत पडू नका, तालमीला महिने लागतात. एका हाताचंच करा. साडेतीन-चार मीटर अगदी हलकं पांढरं रेशीम घ्या, रुंद बाजूला शिवण मारून त्यात हातभर लांबीची गुळगुळीत बांबूची काठी बसवा. टोकं कापडाच्या पट्टीने गुंडाळा. आधी दिवे लावून, साध्या उजेडात, मित्रमैत्रिणींपैकी कुणालाही आठाचा आकडा काढायला सांगा. कापड गुंडाळलं जाईल, जमिनीला लागेल. लागू द्या, तेच दाखवायचं आहे. मग तुम्ही करा, ठायीत (संथ लयीत), टाळी देऊन, आणि हात समेवर आल्यावर कड किती मात्रांनी पोचते ते वर्गाकडून मोजून घ्या. शेवटी खोली अंधारी करून मागे काळा पडदा लावा, एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने हिरवा जिलेटिन लावलेला दिवा सोडा आणि तेच करा. एवढ्यात 'नाच कुठे असतो' हा प्रश्न वर्ग स्वतःच विचारायला लागतो, तुम्हाला सांगावा लागत नाही.

दोनतीन गोष्टी सांभाळा. वरचे पंखे बंद हवेत, ते कापड ओढून घेतात. एसीचा झोत मंचावर येत असेल तर तोही. पावसाळ्यात रेशीम दमट होऊन जड होतं, सादरीकरण जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर कापड आदल्या रात्री इस्त्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. दिवा तापतो, त्यामुळे कापडाच्या फेरीपासून तो चांगला लांब ठेवा, आणि वातावरणासाठी मेणबत्त्या लावायचं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. आधी दहा मिनिटं खांदे आणि पाठ मोकळी करून घ्या. दुसऱ्या दिवशी खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मध्ये पाठ दुखली तर तुम्ही बरोबर केलंत, नुसता खांदा दुखला तर हाताने ओढत होतात.

तुमच्या सभागृहाची उंची, मंचाची रुंदी आणि बाजूला दिवे लावायला खांब आहेत की नाही, एवढं कळवा. मग कापडाचं आणि काठीचं नेमकं माप सांगते.